ज्येष्ठांची घरं भिवाडी, तळेगाव आणि मराईमलाई नगरलाच का? ‘आशियाना’चा नकाशा काय सांगतो

राजस्थानातलं भिवाडी, पुणे जिल्ह्यातलं तळेगाव दाभाडे आणि चेन्नईच्या दक्षिणेला असलेलं मराईमलाई नगर. या तीन गावांत दोन गोष्टी सारख्या आहेत. तिन्ही ठिकाणी किंवा त्यांच्या अगदी शेजारी मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. आणि तिन्ही ठिकाणी आशियाना हाउसिंग या एकाच कंपनीने खास ज्येष्ठांसाठी गृहसंकुलं काढली.

निवृत्तीनंतरचं घर म्हटलं की डोंगर, नदी, शांत गाव असं चित्र डोळ्यांसमोर येतं. मग ही घरं औद्योगिक गावांत कशी पोहोचली? केरळसारख्या, देशात ज्येष्ठांचं प्रमाण सर्वात जास्त असलेल्या राज्यात ही कंपनी का दिसत नाही? आणि आई-वडिलांसाठी असं घर शोधणाऱ्यांनी या नकाशातून काय समजून घ्यावं? सविस्तर बघूया.

सीनियर लिव्हिंग म्हणजे वृद्धाश्रम नाही

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. वृद्धाश्रम आणि सीनियर लिव्हिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वृद्धाश्रम बहुतेक वेळा ट्रस्ट, संस्था किंवा सरकार चालवतं. तिथे खोली किंवा खाट मिळते, जेवण मिळतं, मालकी नसते. सीनियर लिव्हिंग हा बांधकाम व्यवसायाचा भाग आहे. इथे फ्लॅट विकत घेतला जातो किंवा मोठी अनामत भरून राहण्याचा हक्क मिळतो. राहणाऱ्यासाठी साधारण ५५ किंवा ६० वर्षांची अट असते. घर नावावर असलं, तरी दर महिन्याचा देखभाल खर्च वेगळा असतो. त्यात सुरक्षा, साफसफाई, रुग्णवाहिका, नर्स, सामायिक भोजनगृह, कार्यक्रम अशा सेवा येतात. कुठली सेवा मोफत आणि कुठलीचे पैसे वेगळे, हे प्रत्येक प्रकल्पात निराळं असतं.

यातही तीन पायऱ्या आहेत. पहिली, स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठीची घरं. दुसरी, अंघोळ, औषधं, चालणं यात मदत लागणाऱ्यांसाठीची ‘असिस्टेड लिव्हिंग’ सोय. तिसरी, डिमेन्शियासारख्या आजारांत चोवीस तास लक्ष ठेवणारी ‘मेमरी केअर’ सोय. भारतातले बहुतेक प्रकल्प पहिल्या पायरीचे आहेत. म्हणूनच पत्ता महत्त्वाचा ठरतो. पासष्टाव्या वर्षी घर घेताना जे अंतर किरकोळ वाटतं, तेच अंतर ऐंशीव्या वर्षी मोठं होतं.

आशियानाची घरं नेमकी कुठे आहेत?

आशियाना हाउसिंग ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. तिची सुरुवात १९७९ मध्ये पाटण्यातून झाली. आज तिचा मोठा कारभार दिल्लीतून चालतो. कंपनी साधी गृहसंकुलंही बांधते. पण ज्येष्ठांसाठीच्या घरांत उत्तर भारतात सर्वात आधी उतरलेल्या मोठ्या बिल्डरांत तिचं नाव घेतलं जातं.

ज्येष्ठांसाठीचे तिचे प्रमुख प्रकल्प तीन राज्यांत आहेत.

राजस्थान: भिवाडीत ‘उत्सव’, त्यानंतर ‘निर्मय’ आणि ‘अद्विक’. शिवाय जयपूरमध्येही ‘उत्सव’.

महाराष्ट्र: लवासात ‘उत्सव’ आणि तळेगाव दाभाडेत ‘अमोध’.

तमिळनाडू: मराईमलाई नगरमध्ये ‘शुभम’. त्यानंतर चेन्नई परिसरातच ‘वात्सल्य’ आणि ‘स्वरंग’.

नकाशावर या जागा टिंबांनी दाखवल्या, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. जयपूर सोडलं तर बाकीच्या जागा महानगरात नाहीत आणि खेड्यातही नाहीत. त्या महानगराच्या कडेला आहेत. दिल्लीच्या कडेला भिवाडी, पुण्याच्या कडेला तळेगाव आणि लवासा, चेन्नईच्या कडेला मराईमलाई नगर.

ज्येष्ठ केरळात, घरं राजस्थानात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील लोक १०.४ कोटींच्या आसपास होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. केरळमध्ये हे प्रमाण सर्वाधिक, १२.६ टक्के होतं. तमिळनाडूत १०.४ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के. राजस्थानात मात्र ७.५ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षाही कमी. २०२१ च्या सरकारी अंदाजात केरळचा आकडा १६.५ टक्क्यांवर आणि तमिळनाडूचा १३.६ टक्क्यांवर गेला होता.

घरांची संख्या ज्येष्ठांच्या प्रमाणावरून ठरत असती, तर आशियानाने आधी केरळ गाठायला हवं होतं. पण तिची सुरुवात झाली ती राजस्थानात.

याचं उत्तर सोपं आहे. भिवाडीचं संकुल राजस्थानात असलं तरी त्याचा मुख्य ग्राहक दिल्ली आणि आसपासचा आहे. सरकारी खात्यातून, बँकेतून, सैन्यदलातून किंवा मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, पेन्शन किंवा बचत असलेले, दिल्लीत एखादं घर असलेले आणि मुलं गुरुग्राम, बेंगळुरू किंवा परदेशात असलेले लोक. अशा कुटुंबांची संख्या जिथे जास्त, तिथून तासा-दोन तासांवर ही घरं उभी राहतात. राज्याची सीमा मध्ये आली तर ती कागदावर.

म्हणजे हा नकाशा ‘ज्येष्ठ कुठे आहेत’ याचा नाही. ‘पैसे देऊ शकणारे ज्येष्ठ कुठे आहेत आणि त्यांच्याजवळ स्वस्त जमीन कुठे आहे’ याचा आहे. २०११ मध्ये देशातले जवळपास ७१ टक्के ज्येष्ठ ग्रामीण भागात राहत होते. ते या नकाशात जवळजवळ नाहीतच.

भिवाडी: दिल्लीची गरज, राजस्थानची जमीन

भिवाडी दिल्लीपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. हरियाणातलं धारूहेडा ओलांडलं की लगेच. पूर्वी ते अलवर जिल्ह्यात होतं. २०२३ मध्ये नवे जिल्हे झाले तेव्हा खैरथल-तिजारा जिल्ह्यात गेलं. राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाने म्हणजे ‘रिको’ने इथे मोठी वसाहत वसवली. शेजारच्या टपूकडाला होंडाचा मोटार कारखाना आला. दिल्ली-जयपूर महामार्ग जवळ, जमीन गुरुग्रामच्या मानाने स्वस्त आणि प्रदेश राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातला, असं सगळं जुळून आलं.

आशियाना इथे आधीपासूनच कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी घरं बांधत होती. त्यामुळे जमीन कशी मिळते, पाणी-वीज कशी येते, देखभालीला माणसं कुठून आणायची, हे कंपनीला माहीत होतं. या दशकाच्या दोन दशकं आधी तिने तिथेच ‘उत्सव’ हा ज्येष्ठांचा प्रकल्प उभा केला. सीनियर लिव्हिंगमध्ये घर विकून काम संपत नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं तिथे सेवा द्यावी लागते. देखभालीचं काम आशियाना समूहातलीच कंपनी बघते. अशा वेळी एकाच गावात तीन प्रकल्प असणं कंपनीला सोयीचं पडतं. स्वयंपाकी, सुरक्षारक्षक, नर्स, व्यवस्थापक सगळ्यांचं जाळं तयार असतं.

पण याच भिवाडीची दुसरी बाजू आहे ती हवा. ‘आयक्यूएअर’ या स्विस कंपनीच्या २०२१ सालच्या जागतिक अहवालात भिवाडी जगातलं सर्वात प्रदूषित शहर ठरलं होतं. तिथे पीएम २.५ कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला १०६.२ मायक्रोग्रॅम होती. भारताची स्वतःची मर्यादा ४० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी फक्त ५. पुढच्या वर्षीच्या अहवालात भिवाडी तिसऱ्या क्रमांकावर होतं, दिल्लीच्या जरासं वर.

हे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दमा, सीओपीडी आणि हृदयविकार असलेल्यांना त्यांचा त्रास जास्त होतो, आणि हे आजार उतारवयातच जास्त आढळतात. संकुलात कितीही झाडं लावली, तरी हिवाळ्यातली हवा कुंपणाबाहेर थांबत नाही. दिल्लीतून येणाऱ्याला हा फरक कदाचित जाणवणार नाही, कारण तिथली हवाही तशीच. पण ‘शहराच्या प्रदूषणापासून दूर’ या कारणासाठी कोणी भिवाडीला जात असेल, तर त्याने आधी आकडे बघायला हवेत.

लवासा: डोंगरातलं स्वप्न

आता महाराष्ट्रात येऊ. आशियानाच्या नकाशातली वेगळी दिसणारी जागा म्हणजे लवासा.

मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या पुढाकाराने हे खासगी गिरिशहर आकाराला येत होतं. इटलीतल्या किनारी गावासारखी रंगीत घरं, तळं, हॉटेलं, शिक्षणसंस्था असा तो आराखडा होता. अशा शहरात ज्येष्ठांचं संकुल असणं तेव्हा अगदी शोभून दिसलं असतं. हवा चांगली, गर्दी नाही आणि शहरातल्या सगळ्या सोयी येणार असं आश्वासन.

पण नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली, पण प्रकल्पाची गती गेली. कर्ज वाढत गेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ज्येष्ठांचं संकुल बांधणारी कंपनी वेगळी आणि शहर उभं करणारी कंपनी वेगळी. पहिली कंपनी व्यवस्थित चालली, तरी दुसरी अडचणीत आली की रस्ते, दिवे, बाजार, दवाखाना या बाहेरच्या सोयींवर परिणाम होतोच. संकुलाची भिंत त्यापासून वाचवू शकत नाही.

शिवाय लवासा पुण्यापासून साठेक किलोमीटरवर आहे, आणि हे अंतर घाटरस्त्याचं आहे. रेल्वे नाही. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाळाही साधा नसतो. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून बंगल्यांचं नुकसान झालं होतं. अशा रात्री एखाद्याच्या छातीत दुखायला लागलं, तर रुग्णवाहिका दारात असूनही पुढचा रस्ता मोकळा असेल याची खात्री देता येत नाही.

लवासा आवडणारे, तिथे आनंदाने राहणारे लोक आहेतच. शांतता आणि निसर्ग हीच ज्यांची पहिली गरज आहे आणि ज्यांची तब्येत ठणठणीत आहे, त्यांना ते पटतं. प्रश्न पुढच्या पंधरा वर्षांचा असतो.

तळेगाव: त्याच जिल्ह्यात, वेगळा हिशोब

कंपनीचा ‘अमोध’ हा पुढचा प्रकल्प पुणे जिल्ह्यातच आला, पण डोंगरात नाही. तो आला मावळ तालुक्यातल्या तळेगाव दाभाडेत.

तळेगावची हवा पुण्या-मुंबईकरांना जुन्या काळापासून आवडते. निवृत्तीनंतर इथे बंगला बांधून राहणाऱ्या पेन्शनरांची मराठी मध्यमवर्गाला चांगलीच ओळख आहे. पण आजचं तळेगाव फक्त हवेचं गाव नाही. इथे एमआयडीसी आहे. जनरल मोटर्सचा कारखाना इथे होता. तो घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला.

लवासा आणि तळेगाव शेजारी ठेवले, की फरक स्पष्ट दिसतो.

तळेगावला रेल्वे स्टेशन आहे. पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते. जुना मुंबई-पुणे महामार्ग गावाला लागून जातो आणि द्रुतगती मार्गही जवळ आहे. पुण्याचं अंतर साधारण ३५ किलोमीटर, तेही सपाटीवरचं. गावातच मायमर हे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं रुग्णालय आहे. पिंपरी-चिंचवडची मोठी रुग्णालयं त्याहून थोडी पुढे. मुलगा मुंबईत असो की हिंजवडीला, शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचू शकतो.

आणखी एक फरक आहे. तळेगाव हे शेकडो वर्षांचं गाव आहे. एका कंपनीवर ते उभं नाही. उद्या एखादा बिल्डर अडचणीत आला, तरी भाजीवाला, औषधाचं दुकान, बँक, नगरपरिषद, स्टेशन तिथेच राहणार.

मराईमलाई नगर: दक्षिणेची ओढ

मराईमलाई नगर चेन्नईच्या दक्षिणेला चेंगलपट्टू जिल्ह्यात आहे. चेन्नईवरचा ताण कमी करण्यासाठी वसवलेल्या उपनगरांपैकी ते एक. फोर्डचा मोटार कारखाना इथेच होता. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जवळच महिंद्रा वर्ल्ड सिटी ही औद्योगिक वसाहत आहे.

इथलाही हिशोब तळेगावसारखाच आहे. चेन्नई बीच-चेंगलपट्टू उपनगरी रेल्वे इथे थांबते. ज्या ‘जीएसटी रोड’वर हे गाव आहे, त्याच रस्त्यावर चेन्नईचा विमानतळ लागतो. परदेशातून येणाऱ्या मुलांसाठी ही मोठी सोय. शेजारच्या कट्टनकुलत्तूरला एसआरएम वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

पण दिल्लीतून चालणारी कंपनी एवढ्या दूर का गेली? कारण देशातल्या संघटित सीनियर लिव्हिंग घरांपैकी निम्म्याहून जास्त दक्षिणेत आहेत. तमिळनाडूत कुटुंबं लवकर लहान झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तिथला जननदर १.८ होता. एक-दोन मुलं, तीही शिकून अमेरिका, सिंगापूर किंवा आखातात, असं चित्र मध्यमवर्गात आधी तिथे दिसलं. चेन्नई आणि कोईम्बतूरची रुग्णालयं नावाजलेली, आणि उत्तरेसारखा कडाक्याचा हिवाळा नाही. त्यामुळे ‘म्हातारपणी मुलाकडे’ याऐवजी ‘म्हातारपणी आपल्यासारख्यांबरोबर’ हा विचार तिथे लवकर रुजला. महाराष्ट्राचा जननदर याच पाहणीत १.७ होता. म्हणजे तीच स्थिती आता इथेही आहे.

चेन्नईची अडचण पाण्याची. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. २०१५ च्या महापुरात शहराच्या दक्षिण उपनगरांना मोठा फटका बसला होता. त्यामुळे तिथे कुठलंही घर बघताना २०१५ मध्ये त्या रस्त्यावर पाणी किती चढलं होतं, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

सगळ्यांचे नकाशे असेच आहेत का?

नाही. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे.

पुण्याच्या परांजपे स्कीम्सने ‘अथश्री’ प्रकल्प आधी आपल्याच शहरात वाढवले. पाषाण, बाणेर, बावधन, हडपसर. ही सगळी ठिकाणं शहराच्या आतली किंवा शहराने गिळलेली आहेत. त्यानंतर अथश्री बेंगळुरू आणि वडोदऱ्याला गेली. इथे राहणाऱ्याला आपला डॉक्टर, आपलं नाट्यगृह, आपली बँक सोडावी लागत नाही. जमीन महाग, पण रोजचं जगणं तुटत नाही.

मॅक्स समूहाच्या ‘अंतरा’ने सुरुवात डेहराडूनजवळच्या पुरकुलमधून २०१७ मध्ये केली. तो उच्च उत्पन्न गटासाठीचा प्रकल्प. पुढचा प्रकल्प मात्र नोएडात आला. म्हणजे डोंगरातून महानगराकडे, जवळपास लवासा ते तळेगाव असाच प्रवास.

कोईम्बतूरची गोष्ट आणखी वेगळी. तिथे एका कंपनीने नाही, तर अनेक कंपन्यांनी मिळून ज्येष्ठांच्या वसाहतींचं एक केंद्रच तयार केलं आहे. मध्यम हवामान, विमानतळ आणि चांगली रुग्णालयं ही त्यामागची कारणं.

सरकारचा नकाशा या सगळ्यांपेक्षा निराळा आहे, निदान कागदावर. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय व्हावी, अशी तरतूद आहे. बाजार महानगर बघून जागा निवडतो. कायद्याने मात्र जिल्हा हे एकक धरलं.

राज्य बदललं की काय काय बदलतं?

एकाच कंपनीची घरं असली, तरी राज्य बदललं की नियम बदलतात.

रेरा: केंद्राचा कायदा एक, पण प्राधिकरण प्रत्येक राज्याचं वेगळं. भिवाडीच्या घराची तक्रार राजस्थान रेराकडे, तळेगावची महारेराकडे, मराईमलाई नगरची तमिळनाडू रेराकडे जाते. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आणली. व्हीलचेअर जाईल अशी रुंद दारं, लिफ्ट, न घसरणाऱ्या फरशा, पकडायला दांड्या अशा गोष्टी त्यात आहेत, आणि त्या विक्री करारात लिहून देण्यावर भर आहे. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाची आदर्श तत्त्वं २०१९ पासून आहेत, पण ती लागू करणं राज्यांच्या हातात आहे.

मुद्रांक शुल्क: प्रत्येक राज्याचा दर आणि सवलती वेगळ्या. जाहिरातीतल्या किमतीत हा खर्च धरलेला नसतो.

आरोग्य योजना: ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, उत्पन्न कितीही असो. योजना राज्याबाहेरही चालते, पण फक्त तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांत. केंद्र सरकारी निवृत्तांसाठीच्या सीजीएचएसची केंद्रं ठरावीक शहरांत असतात. पुणे, जयपूर, चेन्नई, दिल्लीत ती आहेत. संकुल शहराच्या कडेला असेल, तर दर महिन्याच्या औषधांसाठी किती लांब जावं लागेल ते तपासावं लागतं.

भाषा: सर्वात कमी बोलला जाणारा मुद्दा हाच. संकुलात हिंदी-इंग्रजी चालून जाते. पण रात्रपाळीची नर्स, रिक्षावाला, पोलीस चौकी, सरकारी रुग्णालय यांच्याशी स्थानिक भाषेतच बोलावं लागतं. डिमेन्शियात माणूस अनेकदा नंतर शिकलेल्या भाषा आधी विसरतो आणि मातृभाषेवर येतो. अशा वेळी काळजी घेणाऱ्याला ती भाषा येते की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं.

घर बघायला जाताना काय तपासायचं?

१. मोठं रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, यापेक्षा किती मिनिटांवर आहे ते बघा. कॅथलॅब आणि स्ट्रोकवर उपचाराची सोय चोवीस तास आहे का, हे थेट रुग्णालयाला फोन करून विचारा. संध्याकाळच्या गर्दीत एकदा स्वतः गाडीने तो रस्ता पार करा.

२. सर्वात वाईट ऋतूत जा. दिल्ली परिसरात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सह्याद्रीत जुलैमध्ये, चेन्नईत नोव्हेंबरमध्ये. विक्री करणारे लोक चांगल्या ऋतूत बोलावतात.

३. संकुलाबाहेर गाव आहे का ते बघा. औषधाचं दुकान, एटीएम, भाजी, देऊळ, चालायला पदपथ. हे नसेल तर प्रत्येक गोष्टीसाठी संकुलाच्या गाडीवर अवलंबून राहावं लागतं.

४. मुलं कुठे आहेत यापेक्षा मुलं पोहोचणार कशी, हे महत्त्वाचं. नोकरीमुळे मुलांचं शहर बदलू शकतं. स्टेशन आणि विमानतळ जागेवर राहतात.

५. तब्येत बिघडली तर त्याच संकुलात पुढची काळजी मिळते की घर सोडावं लागतं? हे तोंडी नको, करारात हवं.

६. देखभाल खर्च दरवर्षी किती आणि कोणत्या नियमाने वाढतो? पेन्शन त्या वेगाने वाढणार आहे का?

७. पुढे घर विकायचं झालं तर काय? वयाची अट असलेल्या घराला ग्राहक मुळातच कमी. तेच घर शहरापासून लांब असेल, तर आणखी कमी. वारसाला घर मिळतं, पण वारस चाळिशीचा असेल तर तो तिथे राहू शकतो का, हेही करारात बघावं लागतं.

पुढे काय?

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ६० वर्षांवरील लोक १४.९ कोटी होते. २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होतील असा अंदाज आहे, म्हणजे दर पाच भारतीयांपैकी एक. नीती आयोगानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या काळजीवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. त्यामुळे या व्यवसायात आणखी कंपन्या येणार आणि नकाशावर आणखी टिंबं उमटणार, हे उघड आहे.

ती टिंबं कुठे पडतील, याचा अंदाज आशियानाच्या उदाहरणावरून बांधता येतो. महानगरापासून तासाभरावर, महामार्ग आणि रेल्वेला लागून, जिथे उद्योगांनी रस्ते-पाणी आधीच आणलं आहे अशा गावांत. महाराष्ट्रात आशियानाच्या या दोन्ही जागा पुणे जिल्ह्यात आहेत. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि कोकणातल्या लाखो ज्येष्ठांपर्यंत हा नकाशा पोहोचलेला नाही. तिथे मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्या घरात आजही दोनच माणसं राहतात, आणि जवळच्या कॅथलॅबचं अंतर तिथेही मिनिटांतच मोजावं लागतं.